राखाडी चौकोन

लातूरच्या क्लासमध्ये मी नेमकं काय करते, हे आईला मी दहा वेळा समजावून सांगितलं आणि दहाही वेळा तिनं शेजारणीला "पोरगी टीव्हीत हाय" असंच सांगितलं. टीव्हीत मी कसली असणार. आमचे गणिताचे सर लातूरला फळ्यापुढं उभं राहून शिकवायचे आणि त्याच वेळी नांदेडच्या शाखेतली पोरं त्यांना पडद्यावर बघून वह्या भरायची. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, असं नांदेडचे जुने मास्तर टोमणा मारायचे. मधला कॅमेरा, तारा, पेट्या आणि बिघाड झाला की बसणाऱ्या शिव्या, एवढं माझ्या वाट्याला होतं. लातुरात तेव्हा गल्लोगल्ली क्लास निघाले होते आणि घर तिथं हॉस्टेल झालं होतं. मी स्वतः त्याच क्लासमध्ये डॉक्टर व्हायला आले होते. डॉक्टर काही झाले नाही. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करून त्याच क्लासच्या मागच्या खोलीत, दोन पडद्यांसमोर येऊन बसले.

तारेतून चित्र कसं जातं ते थोडक्यात सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. दर वेळी अख्खं चित्र पाठवायचं म्हटलं तर तार पुरत नाही. म्हणून एकदा पूर्ण चित्र पाठवतात आणि नंतर फक्त काय बदललं तेवढंच. हॉस्टेलमधली पोरं घरी फोनवर सांगतात ना, ताप उतरला, बाकी सगळं तसंच, तसं. हा बदलही लहान लहान चौकोनांत तोडून जातो आणि त्यातले काही चौकोन वाटेत हरवतात. शिकवणं चालूच असतं, हरवलेलं परत मागायला वेळ नसतो. मग पलीकडची पेटी आपल्या अकलेनं ते भोक भरते. आधीच्या चित्रात त्या जागी जे होतं तेच पुन्हा ठेवते, नाहीतर शेजारचं ओढून घेते. पुस्तकात याला एरर कन्सीलमेंट म्हणतात. आम्ही लिंपण म्हणायचो.

लिंपण चांगलं बसलं तर कुणाला कळतही नाही. फसलं की मात्र अंगावर काटा येतो. सर फळ्यापासून टेबलाकडं चालत जायचे आणि त्यांचा हात फळ्यावरच राहायचा. मनगटापासून पुढचा नुसता हात, खडू धरलेला. पुढचं पूर्ण चित्र येईपर्यंत तो तिथंच असायचा. नांदेडचा ऑपरेटर मला फोन करायचा, "मॅडम, सर गेले, हात इथंच राहिला बघा." त्याच्या मागं पोरं खिदळत असायची. मला हसू यायचं नाही. निघून गेलेल्या माणसाचं मागं राहिलेलं काहीतरी मी घरात रोज पाहत होते.

भूकंपात आमचं गाव पडलं तेव्हा मी तीन वर्षांची होते. त्या पहाटेचं मला काहीच आठवत नाही. आठवतं ते पत्र्याच्या शेडमधलं तापलेलं ऊन, आणि आई. आई म्हणजे शेडच्या दारात बसून मला दुधात भाकरी चुरून देणारी, काडीसारखी बारीक बाई. तिच्या आधीची कुठलीही बाई मला आठवत नाही.

आईच्या गळ्यात मंगळसूत्राशेजारी काळ्या दोऱ्यात चांदीचा एक पातळ टाक होता. नखाएवढा, वर ठोकून उमटवलेली बाई. तो सदा पदराआड असायचा. नवी साडी आली की आई घडी मोडायच्या आधी ती त्या टाकाला लावायची. पुरणपोळी केली की पहिला तुकडा टाकाला दाखवायची, मग आम्ही खायचो. मी विचारलं तर म्हणायची, "आपली देवी हाय." मीही पाया पडायची. परीक्षेला निघताना आईच्या गळ्यात हात घालून आधी त्या देवीला बोट लावायची.

अकरावीच्या प्रवेशाला भूकंपग्रस्ताचा दाखला हवा होता. तहसील कचेरीत आई माझ्याबरोबर रांगेत उभी होती. कारकुनानं जुनी यादी काढली, बोट फिरवलं आणि विचारलं, "आई मयत ना?" माझ्या शेजारी उभी असलेली आई म्हणाली, "हाव." मग बाटली पुढं करून मला म्हणाली, "पाणी पी, लई ऊन हाय." मी वाकून यादी पाहिली. तिचंच नाव होतं, बाबांच्या नावासकट, आणि पुढं मयत लिहिलेलं. मला वाटलं, माझ्या प्रवेशासाठी हिनं स्वतःला मेलेलं लिहून घेतलं. दाखल्यासाठी काय वाट्टेल ते करणारी माणसं आमच्याकडं कमी नव्हती. मला तिचा इतका अभिमान वाटला की परतीच्या बसमध्ये मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपले. मूर्ख म्हणून माझी गणना करायची तर तो दिवस पुरेसा आहे.

बाबा पुनर्वसनाच्या नव्या गावात शेती बघायचे आणि माझ्या शिक्षणासाठी आम्ही दोघी लातूरला आलो. आईनं क्लासच्या पोरींसाठी मेस काढली. जळकोटची एक मुलगी जेवायला यायची. एकदा आई वाढायला वाकली आणि टाक पदराबाहेर लोंबला. आई आत गेल्यावर ती मुलगी मला सहज म्हणाली, "तुझी पण आई दुसरी हाय का? आमच्या आईच्या गळ्यात असाच सवतीचा टाक हाय." पहिली बायको मेली की दुसरीनं तिचा टाक गळ्यात घालायचा, प्रत्येक नवी वस्तू आधी तिला द्यायची, म्हणजे ती कोपत नाही, हे तिनं भाताचा घास मळता मळता सांगितलं. माझ्या हातात वरणाचं पातेलं होतं. मी ते खाली ठेवलं नाही. पंगत संपेपर्यंत वाढत राहिले.

यादीतलं नाव खरं होतं. माझी आई भूकंपात गेली होती. मी जिला आई म्हणत होते ती तिची धाकटी बहीण, माझी मावशी. सगळ्यांत जवळची म्हणून तिला त्या जागी आणून बसवलं होतं. पोरीला फरक कळायला नको म्हणून लग्नात तिचं नावही तेच ठेवलं. आईचे आजोळी होते नव्हते ते फोटो आजीनं नांदेडला नेऊन गंगेत सोडले, म्हणजे गोदावरीत. गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण घराघरातली माणसं गेली होती, कुणी कुणाचं उकरत नव्हतं. सुट्टीत गावी गेले की म्हाताऱ्यांच्या बोलण्यातून मी हे तुकडे जुळवले.

मी भांडायला हवं होतं. माझा राग सगळ्या क्लासला माहीत आहे, चहा गार आला तरी मी आवाज चढवते. या बाबतीत मात्र मी आठ वर्षं तोंड उघडलं नाही. मला ठाऊक आहे हे तिला ठाऊक नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, तशी ती मूठ मीही झाकूनच धरली. पण एक गोष्ट मला आतून खात होती. मला माझ्या आईचा चेहरा ठाऊक नव्हता. वेणी घालताना आरशात बघायची आणि यातलं तिचं काय असेल ते शोधत बसायची. घरात कुणीतरी आहे आणि माझ्याकडं पाठ करून उभं आहे, असं सारखं वाटायचं. ज्या देवीला मी परीक्षेआधी बोट लावत होते ती कोण, हे कळल्यावर तर मला त्या टाकाकडं बघवेना.

अशात उण्याची भानगड झाली. सरांनी एका गणितात बेरजेच्या जागी चुकून उण्याचं चिन्ह काढलं. लगेच लक्षात आलं तसं, काही न बोलता, त्यावर खडूनं एक उभी रेघ मारली आणि पुढं गेले. ती उभी रेघ असलेला चौकोन वाटेत पडला. नांदेडच्या पेटीनं त्या जागी आधीचं चिन्ह राहू दिलं. फळा काही हलत नाही, त्यामुळं पुढं बदल आला नाही आणि वजाबाकी बराच वेळ तशीच राहिली. पुढच्या रविवारच्या टेस्टमध्ये नांदेडच्या झाडून सगळ्या पोरांनी तीच चूक केली. सर पेटले. "नांदेडला कॉपी चालून राहिली," म्हणाले. पोरांची बिचाऱ्यांची खरडपट्टी निघाली. फळ्यावर दिसतं ते विचार न करता उतरवायचं, हे आम्हीच त्यांना शिकवलेलं होतं. मला शंका आली म्हणून मी नांदेडला साठवलेलं चित्र मागवलं आणि लातूरच्या चित्राशेजारी लावून सरांना दाखवलं.

सरांनी दोन्ही चित्रांतल्या चिन्हांवर बोट ठेवून पाहिलं. मग शांतपणे म्हणाले, "हरवलं तिथं राखाडी चौकोन का नाही दाखवत तुझी पेटी? भोक दिसलं असतं तर एखादं पोरगं तरी म्हणालं असतं, सर, इथं काय आहे. भरलेलं दिसल्यावर कोण कशाला विचारतंय?"

मी त्याच दिवशी नांदेडच्या पेटीतलं लिंपण बंद करायला लावलं आणि दोन्हीकडं आलेलं सगळं जसंच्या तसं साठवून ठेवायचा नियम केला. चित्र कुरूप झालं, पोरं कुरकुरली, पण हात उचलून विचारायला लागली. सरांचं ते वाक्य मात्र माझ्या डोक्यातून हलेना. चार दिवसांनी मी नांदेडच्या मामाला फोन केला.

"मामा, आईचा एखादा फोटो आहे का?"

"कोणत्या आईचा?" तो सावधपणे म्हणाला.

"जिचा टाक आहे तिचा."

मामानं दार ओढून घेतल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "फोटो न्हाई. लग्नाची कॅसेट हाय." लग्न भोकरजवळच्या आजोळच्या गावात झालं होतं, म्हणून ती कॅसेट वाचली होती. घरात लावायचं यंत्र नव्हतं, त्यामुळं फोटो नदीत सोडताना तिची कुणाला आठवणही झाली नाही. आमच्या नांदेडच्या ऑपरेटरच्या वडिलांचं शूटिंगचं जुनं दुकान होतं. त्यांनी बुरशी पुसून त्या कॅसेटची सीडी करून दिली. मामा ती पोस्टात टाकायला तयार नव्हता. नांदेडला जायचं तर मला आईला कारण सांगावं लागलं असतं. म्हणून मी अक्कल चालवली. रविवारी दुपारी आम्ही तारेची तपासणी करत असू. तेव्हा नांदेडहून काहीतरी चित्र इकडं पाठवायचंच असे. या वेळी मामानं शाखेत बसून ती सीडी लावू द्यायची, असं ठरलं.

लातूरच्या पेटीतलं लिंपण मी बंद केलेलं नव्हतं. नांदेडहून इकडं कधी शिकवणं यायचंच नाही, त्यामुळं तिकडं लक्षच गेलं नाही.

त्या दुपारी तार वाईट होती. मांडव आला, पंगतीतल्या टोप्या आल्या, चौकोन फाटत होते आणि जुळत होते. मग पडद्यावर एक मुलगी आली. परकर नेसलेली, हातात करवलीचा कऱ्हा, आणि कुणीतरी काहीतरी म्हटलं म्हणून तोंडभर हसणारी. मी तिला लगेच ओळखलं. ती आई होती, माझी मावशी. एवढं हसताना मी तिला जन्मात पाहिलं नव्हतं. कॅमेरा तिच्यावरून बाजूला नवरीकडं वळायला लागला. मी खुर्ची पुढं ओढली. नेमकी तिथंच तार तुटक झाली.

पिवळी साडी दिसली. हिरव्या चुड्याचे, मेंदी लावलेले हात मांडीवर जुळलेले दिसले. मुंडावळ्यांचे शेंडे दिसले. आणि त्यांच्यामध्ये, नवरीचं तोंड असायला हवं तिथं, करवलीचं हसरं तोंड होतं. आधीच्या चित्रात त्या जागी तेच होतं, पेटीनं तेच ठेवलं. नवरी मान खाली घालून दगडासारखी बसली होती, हलत नव्हती, त्यामुळं नवा बदल येत नव्हता. नवरीच्या अंगावर ते तोंड हसत राहिलं. मी घाईनं चित्र थांबवलं.

"ही मी न्हाई," मागून आवाज आला.

आई दारात उभी होती. रविवारी क्लासचं कँटीन बंद असतं म्हणून ती माझा डबा घेऊन आली होती. किती वेळची उभी होती कोण जाणे.

"ही ताई हाय," ती म्हणाली. "तोंड तेवढं माझं हाय."

"आई, ती पेटीची चूक आहे. वाटेत जे हरवतं त्याच्या जागी ती जवळचं काहीतरी आणून ठेवते. बघणाऱ्याला कळू नये म्हणून." हे बोलून झालं आणि मी जीभ चावली.

आई आत आली. मग डबा टेबलावर ठेवून म्हणाली, "कधीपासून ठाऊक हाय तुला?"

"अकरावीपासून."

"माझ्यासंगं मेसमध्ये वाढत होतीस तवा?"

"हाव."

ती खुर्चीवर बसली. मला वाटलं, आता ती उठून जाईल आणि मी तिलाही घालवून बसेन. मला खरंच भीती वाटली. इतकी वर्षं गप्प राहण्याचं कारण तेच होतं, ते मला त्या खुर्चीजवळ उभं असताना कळलं. ती म्हणाली, "ताई गेली तवा मला कुणी रडू दिलं न्हाई. पोरगी बघून राहिली, म्हणायचे. मी ताई म्हणून रडले तर तू विचारशील, आई कुणाला रडून राहिली. पुढं तुझ्या तोंडात आई बसलं. मग मला ताई म्हणताच येईना. स्वतःला कसं रडायचं?" ती हे तक्रारीनं बोलत नव्हती. मेसमधलं सामान सांगावं तशी सांगत होती.

मग तिनं पडद्याकडं बोट केलं. "ते भरणं बंद करता येतं का?"

"येतं. पण मग तोंडाच्या जागी काहीच दिसायचं नाही."

"न्हाई दिसू दे."

मामाकडं सीडी चालूच होती आणि इकडं आलेलं सगळं साठत होतं, भोकांसकट. मी लिंपण बंद केलं आणि साठलेलं चित्र पहिल्यापासून लावलं. पुन्हा मांडव, पुन्हा टोप्या, पुन्हा ती हसणारी करवली. कॅमेरा वळला. पिवळी साडी, चुडा, मुंडावळ्या, आणि मध्ये राखाडी चौकोन. सपाट, तोंडाएवढा.

आईनं पदराआडून टाक बाहेर काढला आणि मुठीत धरला. "ताई," ती म्हणाली. एकदाच म्हणाली आणि तिचा आवाज फाटला. पदराचा बोळा तोंडावर दाबून ती वाकली आणि रडायला लागली. मी तिला कधी असं रडताना पाहिलं नव्हतं. वीस वर्षांचं होतं ते. तिच्या पाठीवर हात ठेवावा एवढंही मला सुचलं नाही.

आणि तेवढ्यात पूर्ण चित्र आलं. राखाडी चौकोन पुसला गेला आणि नवरीनं मान वर केली.

अठरा-एकोणीस वर्षांची एक पोरगी होती. माझ्याहून पाच वर्षांनी तरी लहान. रडून नाक लाल झालेलं, कपाळावरचा मळवट पसरलेला. मी डोळे फाडून बघत होते. नाक शोधलं, हनुवटी शोधली. माझ्यात काहीच हललं नाही. रस्त्यात भेटली असती तर बाजूला हो म्हटलं असतं, इतकी परकी होती ती. मला स्वतःची लाज वाटली. मग कॅमेरा पाहुण्यांकडं वळला.

आईनं पदर बाजूला केला तेव्हा पडद्यावर टोप्या होत्या. "आली होती का?" तिनं विचारलं.

"हाव."

"ओळखलीस?"

आठ वर्षं मी मनातल्या मनात या बाईवर दात खाल्ले होते, हिनं मला फसवलं म्हणून. मी तिच्या सुजलेल्या डोळ्यांकडं पाहिलं. "हाव," मी म्हटलं. "लगेच ओळखलं."

तिचा जीव भांड्यात पडलेला मला दिसला. मी मागं नेऊन तिलाही दाखवलं, तिनं पडद्यापाशी जाऊन नवरीच्या गालावर बोट ठेवलं. नंतर तिनं डबा उघडला. भाकरीचा तुकडा मोडून टाकाला दाखवला, या वेळी पदराआडून नाही, माझ्यासमोर. "घे, ताई," म्हणाली आणि उरलेली भाकर माझ्याकडं सरकवली.

मामानं ती सीडी पुढं स्वतः आणून दिली. मी ती कितीदा लावली याला गणती नाही. नवरीचं नाक, कपाळ, मळवट मला आता पाठ आहे. आईला मी जे सांगितलं ते मात्र अजून खरं झालेलं नाही. डोळे मिटून आई असं म्हटलं की मला पिवळी साडी दिसते, चुड्याचे हात दिसतात, आणि त्यावर पेटीनं चुकून ठेवलेलं ते हसरं तोंड.